रेषेला वजन देणारा चित्रकार

हाताने काढलेली चित्रे पडद्यावर हलवून दाखवण्याची किमया विसाव्या शतकाच्या आरंभी एकाहून अधिक कलावंतांना साधली होती. परंतु त्या चित्रांचे पाय जमिनीला टेकवले, त्यांना श्वास दिला आणि त्यांच्या देहाला भार दिला तो विन्सर मॅके या अमेरिकी वृत्तपत्रीय चित्रकाराने. आयुष्यभर दैनिकाच्या नोकरीला बांधलेल्या आणि फावल्या वेळात हजारो चित्रे काढणाऱ्या या मनस्वी कलावंताच्या जीवनाचा हा आलेख.

कागदावर एकाच आकाराची दोन वर्तुळे काढली, तर त्यांतील रबरी चेंडू कोणता आणि लोखंडी गोळा कोणता, हे नुसत्या चित्रावरून सांगता येत नाही. ती वर्तुळे हलू लागली की मात्र पाहणाऱ्याला क्षणात उलगडा होतो. एक जमिनीला लागताच किंचित चपटे होऊन उसळते, तर दुसरे धपकन पडते आणि जागचे हलत नाही. वजन डोळ्यांना दिसत नसते, ते हालचालीवरून ओळखायचे असते. धान्याची गोणी पाठीवर घेणारा हमाल आधी पाय रोवतो, कंबरेत वाकतो, क्षणभर थांबतो आणि मगच उठतो. तो थांबण्याचा क्षण चित्रकाराने गाळला, तर गोणीत कापूस भरला असल्याचा भास होतो. चलचित्रातील कोणत्याही पात्राचा खरेपणा असा हालचालीच्या हिशेबावर उभा असतो. आज हे तत्त्व ॲनिमेशनच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या काही धड्यांतच शिकवले जाते. मॅके यांनी ते स्वतःच्या हाताने शोधले तेव्हा मात्र त्यांना शिकवणारे कोणी नव्हते, कारण ही कलाच जेमतेम जन्माला येत होती.

झीनस विन्सर मॅके हे त्यांचे पूर्ण नाव. वडील ज्यांच्याकडे नोकरीला होते, त्या झीनस विन्सर नावाच्या व्यावसायिकाच्या नावावरून ते ठेवलेले होते. त्यांच्या जन्मवर्षाविषयी नोंदींत एकवाक्यता नाही. १८६६ ते १८७१ या दरम्यानची निरनिराळी वर्षे सांगितली जातात. त्यांचे बालपण मात्र अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, लाकडाच्या व्यापारावर जगणाऱ्या लहान गावांत गेले, हे निश्चित. हाती येईल त्या पृष्ठभागावर चित्र काढायचे, हा छंद त्यांना लहानपणीच जडला. १८८० साली मिशिगन सरोवरात ‘अल्पिना’ नावाची आगबोट वादळात बुडाली. शाळकरी विन्सरने त्या दुर्घटनेचे चित्र वर्गातील फळ्यावर काढले आणि ते इतके हुबेहूब साधले की त्याचे छायाचित्र काढून प्रती विकल्या गेल्या, असे सांगितले जाते. बुडत्या जहाजाचा हा विषय पुढे जवळजवळ चार दशकांनी त्यांच्याकडे परत येणार होता.

मुलाने व्यापारउदीम शिकावा, अशी वडिलांची इच्छा. त्यासाठी त्याला यप्सिलँटी येथील व्यापारी महाविद्यालयात पाठवण्यात आले. पण विन्सरचे पाय वर्गाऐवजी डेट्रॉइट शहराकडे वळत. तेथील ‘वंडरलँड’ या करमणूकगृहात दहा सेंटांत चमत्कारिक वस्तू आणि माणसे पाहायला मिळत. त्या गर्दीत बसून हा तरुण पंचवीस सेंटांना एक याप्रमाणे येणाऱ्या-जाणाऱ्यांची चित्रे काढून देऊ लागला. लोकांच्या देखत, झपाट्याने आणि न चुकता रेषा ओढण्याची सवय हाताला लागली ती येथेच. याच सुमारास यप्सिलँटीच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयातील जॉन गुडिसन या प्राध्यापकांनी त्यांना यथार्थदर्शनाचे धडे दिले. मॅके यांचे औपचारिक कलाशिक्षण म्हणावे ते एवढेच. परंतु अवकाशाची खोली कागदावर अचूक मांडण्याचे जे कौशल्य पुढे त्यांच्या प्रत्येक चित्रात दिसले, त्याचा पाया या शिकवणीने घातला.

१८८९ साली ते शिकागोला गेले आणि एका छापखान्यात सर्कशीची भित्तिपत्रके रंगवू लागले. दोन वर्षांनी त्यांनी सिनसिनाटी गाठले. तेथेही एका करमणूकगृहासाठी फलक रंगवण्याचे काम मिळाले. हत्ती, कसरतपटू, अजस्र प्राणी आणि अचाट माणसे हे त्यांचे रोजचे विषय होते. देहाचा तोल कसा सांभाळला जातो, भार एका पायावरून दुसऱ्या पायावर कसा जातो, याचे निरीक्षण या काळात नकळत होत गेले असावे, असे मानायला जागा आहे. १८९१ मध्ये मॉड ड्यूफूर या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. रॉबर्ट आणि मॅरियन ही दोन अपत्ये झाली. वाढत्या संसाराला स्थिर मिळकतीची गरज होती. ती वृत्तपत्राने भागवली. सिनसिनाटीच्या दैनिकांत बातमीचित्रे काढता काढता मॅके यांचे नाव झाले आणि १९०३ साली त्यांना न्यू यॉर्कहून बोलावणे आले.

‘न्यू यॉर्क हेरल्ड’च्या नोकरीतील आठ वर्षे हा मॅके यांच्या चित्रमालिकांचा सुवर्णकाळ होय. १५ ऑक्टोबर १९०५ रोजी ‘लिटल नीमो इन स्लंबरलँड’ ही त्यांची सर्वांत गाजलेली मालिका सुरू झाली. झोपी गेलेला छोटा नीमो दर आठवड्याला स्वप्ननगरीत शिरतो आणि शेवटच्या चौकटीत पलंगावर जागा होतो, एवढाच तिचा साचा. परंतु त्या साच्यात मॅके यांनी आरसेमहाल, राजवाडे आणि अवाढव्य प्राणी यांचे एक अद्भुत विश्व उभे केले. २६ जुलै १९०८ च्या पानावर नीमोचा पलंगच लांबलचक पायांनी शहराच्या इमारतींवरून चालत जातो. ते पान आजही चित्रमालिकांच्या इतिहासातील मानबिंदू समजले जाते. चौकटीमागून चौकट पाहत गेले, तर पलंगाच्या पायांची लांबी, त्यांचे वाकणे आणि पाऊल टाकणे टप्प्याटप्प्याने बदलत जाते. ही चित्रे एकामागून एक भरभर दिसली तर ती चालू लागतील, असे पाहणाऱ्याला वाटल्यावाचून राहत नाही.

१९०६ पासून मॅके व्हॉडव्हिलच्या रंगमंचावरही उभे राहू लागले. नाच, गाणी, विनोद, जादू असे नाना प्रकार एकाच तिकिटात दाखवणारा हा त्या काळचा लोकप्रिय करमणूक प्रकार होता. तेथे मॅके फळ्यासमोर उभे राहत आणि वाद्यवृंदाच्या साथीवर एक मुलगा व एक मुलगी यांचे चेहरे काढत. मग तेच चेहरे पुसत, बदलत बाल्यापासून वार्धक्यापर्यंत नेत. पंधरा मिनिटांत पंचवीस चित्रे होत. हा खेळ म्हणजे एका परीने हाताने केलेले ॲनिमेशनच होते. उणीव होती ती फक्त यंत्राची.

ती उणीव भरून निघण्यास निमित्त झाले ते मुलगा रॉबर्टचे. त्याने घरी आणलेल्या खेळण्यातल्या चित्रपुस्तिका अंगठ्याने भरभर उलटल्या की त्यातील आकृत्या हलत. मॅके यांना त्यातून पुढची वाट दिसली. या क्षेत्रात ते पहिले नव्हते. जे. स्टुअर्ट ब्लॅकटन यांनी १९०६ मध्ये अमेरिकेत, तर एमिल कोल यांनी १९०८ मध्ये फ्रान्समध्ये रेखाचित्रांचे छोटे चित्रपट केले होते. परंतु त्या आकृत्या म्हणजे चालत्याबोलत्या रेषाच होत्या. त्या हवेत तरंगत, क्षणात एकीची दुसरी होऊन जात. मॅके यांनी ब्लॅकटन यांच्याच व्हायटाग्राफ कंपनीच्या साहाय्याने १९११ मध्ये ‘लिटल नीमो’ हा चित्रपट पूर्ण केला. त्यासाठी त्यांनी पातळ कागदावर चार हजार चित्रे काढली होती. त्यात कथा जवळजवळ नाही आणि पार्श्वभूमीही नाही. पात्रे येतात, ताणली जातात, आखडतात आणि पुन्हा मूळ आकारात येतात. पण या चित्रपटाने मॅके यांना एक गोष्ट शिकवली. ताणलेला देह पुन्हा मूळ आकारात येताना त्याचे आकारमान कायम राहिले, तरच तो मांसाचा वाटतो. ते बदलले की तो धुराचा होतो.

त्याच वर्षी मॅके यांनी ‘हेरल्ड’ सोडून विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्या वृत्तपत्रात प्रवेश केला. पगार वाढला, परंतु स्वातंत्र्य हळूहळू आटत गेले. या नोकरीच्या आरंभीच, १९१२ मध्ये, त्यांचा दुसरा चित्रपट आला. झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर उंच टोपी घातलेला एक अवाढव्य डास येऊन बसतो आणि पुन्हा पुन्हा रक्त शोषतो, एवढेच त्याचे कथानक. सहा हजार चित्रांच्या या लघुपटात वजनाचा प्रश्न प्रथमच कथेच्या केंद्रस्थानी आला. प्रत्येक घोटागणिक डासाचे पोट फुगत जाते, त्याची हालचाल जड होत जाते आणि शेवटी तो आपल्याच हावरटपणाने फुटतो. पात्राचा स्वभाव आणि त्याच्या देहाचा भार या दोन गोष्टी येथे एकमेकींत मिसळल्या. प्रेक्षकांना मात्र भलतीच शंका आली. डास तारेने नाचवला असावा, असे अनेकांनी धरून चालले. चित्रकाराच्या श्रमांची ही विचित्र पावती होती. चित्र इतके खरे वाटले, की ते चित्र असल्यावर कोणाचा विश्वास बसेना.

या शंकेला उत्तर म्हणून मॅके यांनी असा प्राणी निवडला, की ज्याचे छायाचित्र घेणे वा ज्याला तारेने नाचवणे कोणालाही शक्य नव्हते. न्यू यॉर्कच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात १९०५ पासून ब्राँटोसॉरसचा प्रचंड सांगाडा उभा होता. त्यावरून त्यांची ‘गर्टी’ जन्माला आली. नोकरीचे काम उरकल्यावर मॅके घरी बसून चित्रे काढीत. शेजारी राहणारा जॉन फिट्झसिमन्स हा तरुण त्यांच्या मदतीला होता. डोंगर, तळे, खडक आणि झाड यांची तीच ती पार्श्वभूमी प्रत्येक कागदावर नव्याने गिरवण्याचे कष्टाचे काम त्याच्याकडे होते. पारदर्शक सेल्युलॉइडवर पात्र काढून ते एकाच पार्श्वभूमीवर ठेवण्याची युक्ती त्यांनी तोवर अंगीकारली नव्हती. चित्रे एकमेकांवर नेमकी बसावीत म्हणून कोपऱ्यांत फुलीच्या खुणा केल्या जात आणि प्रत्येक कागद पुठ्ठ्यावर चिकटवला जाई. मॅके यांच्या सांगण्याप्रमाणे अशा दहा हजार चित्रांची रास साठली.

या कामात त्यांनी जी पद्धत अवलंबिली, ती पुढे साऱ्या उद्योगाचा कणा ठरली. पहिल्या चित्रानंतर दुसरे, दुसऱ्यानंतर तिसरे, असे सरळ क्रमाने काढत जाण्यातला धोका असा की पात्र हळूहळू आकार बदलते आणि नेमक्या क्षणी नेमक्या जागी पोहोचत नाही. म्हणून मॅके आधी हालचालीतील मुख्य टप्पे काढून ठेवीत. उदाहरणार्थ, मान खाली असलेली आणि मान पूर्ण वर गेलेली अशी दोन चित्रे. मग त्या दोहोंच्या बरोबर मधले चित्र, नंतर उरलेल्या अर्ध्या अर्ध्या भागांच्या मधली चित्रे, असे ते भरत जात. यामुळे कोणती हालचाल किती वेळ घेणार, यावर चित्रकाराची हुकमत राहते. वजन दाखवण्याचे मर्म याच हुकमतीत आहे. जड देह सुटताना हळू सुटतो आणि थांबतानाही एकदम थांबत नाही. म्हणून आरंभी आणि शेवटी चित्रांची दाटी करावी लागते, तर मध्ये ती विरळ ठेवावी लागतात. नाचासारख्या आवर्ती हालचालींसाठी त्यांनी चित्रांचा एकच संच पुन्हा पुन्हा वापरला. तीही युक्ती आज सर्वमान्य आहे.

गर्टीच्या वजनाचे पुरावे पडद्यावर जागोजागी सापडतात. ती नुसती उभी असते तेव्हाही तिच्या कुशी श्वासाबरोबर वर-खाली होत असतात. हा श्वास किती वेळाचा असावा, हे ठरवण्यासाठी मॅके यांनी स्वतःच्या श्वासोच्छ्वासाची वेळ मोजली होती. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकते, तेव्हा सारा देह त्या बाजूला झुकतो आणि शेपूट तोल सावरते. तिच्या भाराने पायाखालची जमीन खचते. तळ्यातील पाणी पिऊन संपवते तेव्हा तिच्या तोंडातून पाणी ठिबकत राहते. प्राण्याचे वजन केवळ त्याच्या देहावर दाखवून भागत नाही, ते त्याच्या भोवतालच्या जगावरही उमटले पाहिजे, ही जाण या तपशिलांत आहे. पिसाइतका हलका प्राणी आणि डोंगराएवढा प्राणी यांच्यातील खरा फरक जमीनच सांगते.

एक अडचण मात्र त्यांना सोडवता आली नाही. झोपलेला डायनोसॉर उठून कसा उभा राहील, हे त्यांनी संग्रहालयातील तज्ज्ञांना विचारले. तेही सांगू शकले नाहीत. अशा प्रसंगी बनावट हालचाल खपवण्याऐवजी मॅके यांनी जादूगाराची वाट धरली. गर्टी उठते त्याच क्षणी त्यांनी आकाशात एक उडता सरडा सोडला. प्रेक्षकांची नजर वर गेली आणि ती खाली येईपर्यंत गर्टी उभी राहिलेली होती. जे ठाऊक नाही ते दाखवू नये, ही त्यांची सचोटी आणि प्रेक्षकाला त्याचा पत्ता लागू देऊ नये, ही त्यांची हुशारी, अशा दोहोंचे दर्शन या एका दृश्यात घडते.

८ फेब्रुवारी १९१४ रोजी शिकागोच्या पॅलेस थिएटरात गर्टी प्रथम प्रेक्षकांसमोर आली. मॅके हातात चाबूक घेऊन पडद्याशेजारी उभे राहत आणि गर्टीला हुकूम सोडत. ती कधी ऐके, कधी हटवादीपणा करी, कधी जम्बो नावाच्या मॅमथला उचलून तळ्यात फेकून देई. मॅके रागावले की ती लहान मुलासारखी रडू लागे. मॅके तिच्याकडे फळ फेकल्याचा आव आणत आणि पडद्यावरील गर्टी ते झेलून गिळून टाकी. शेवटी ते स्वतः पडद्यामागे जात आणि त्याच क्षणी पडद्यावर त्यांचे छोटे चित्र अवतरे. गर्टी त्या चिमुकल्या मॅकेला तोंडात धरून पाठीवर ठेवी आणि दोघे डुलत डुलत निघून जात. प्रेक्षागृहातील कोणालाही डायनोसॉर ठाऊक नव्हता. पण हट्टी, लाजाळू आणि लाडावलेले लेकरू प्रत्येकाला ठाऊक होते. देहाला भार मिळाला म्हणून त्या देहातील मन खरे वाटले आणि मन खरे वाटले म्हणून लोकांनी तिच्यावर जीव लावला.

हे यश मालकांना मात्र रुचले नाही. आपला पगारी चित्रकार गावोगाव खेळ करत हिंडतो आणि वृत्तपत्राचे काम मागे पडते, अशी हर्स्ट यांची तक्रार होती. त्यांनी मॅके यांच्या प्रयोगांवर न्यू यॉर्क परिसरापुरती मर्यादा घातली. चित्रमालिकाही क्रमाक्रमाने बंद झाल्या आणि संपादकीय लेखांसोबतची उपदेशपर चित्रे काढण्याचे काम त्यांच्या गळ्यात पडले. रंगमंच दुरावल्यामुळे गर्टीच्या चित्रपटाला प्रत्यक्ष नटांचा एक भाग जोडण्यात आला आणि १९१४ च्या अखेरीस तो चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला. मॅके रंगमंचावर जे बोलत, ते आता पडद्यावर लिखित पाट्यांतून येऊ लागले. आज उपलब्ध आहे ती ही आवृत्ती.

दुसरा घाव व्यवसायबंधूंकडून आला. आपली पद्धत मॅके कोणापासूनही लपवीत नसत. तिचे पेटंट घेण्याचा सल्ला त्यांनी मानला नव्हता. ही कला जो करील त्याची, अशी त्यांची धारणा होती. असे सांगितले जाते, की जॉन रँडॉल्फ ब्रे हे चित्रकार पत्रकार असल्याची बतावणी करून त्यांच्याकडे आले, सारे काम पाहून गेले आणि त्यांनी या क्षेत्रातील तंत्रांची पेटंटे मिळवली. एवढेच नव्हे, तर १९१४ मध्ये त्यांनी खुद्द मॅके यांच्यावरच दावा गुदरला. निकाल मॅके यांच्या बाजूने लागला आणि पुढे काही काळ ब्रे यांच्याकडून त्यांना मानधन मिळत राहिले. गर्टीची एक नक्कलही निघाली. ती ब्रे यांच्या स्टुडिओची असल्याचे मानले जाते. तिच्यात डायनोसॉर आहे, पण मूळ गर्टीच्या हालचालींतील सफाई नाही. देखावा उचलता येतो, पण त्यामागचे निरीक्षण उचलता येत नाही, याचा हा बोलका नमुना.

७ मे १९१५ रोजी जर्मन पाणबुडीने आयर्लंडच्या किनाऱ्यालगत ‘लुसिटानिया’ हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडवले. त्यात ११९८ जण मृत्युमुखी पडले. हर्स्ट यांच्या वृत्तपत्रांचा कल अमेरिकेने युद्धात पडू नये असा होता आणि त्या भूमिकेची चित्रे मॅके यांनाच काढावी लागत. त्यांचे स्वतःचे मत मात्र निराळे होते. ते त्यांनी रात्री, आपल्या पैशाने व्यक्त केले. या दुर्घटनेचे छायाचित्रण झालेले नव्हते. ते आपल्या हाताने साकारण्याचा विडा त्यांनी उचलला. सुमारे पंचवीस हजार चित्रे, बावीस महिन्यांचे श्रम आणि सेल्युलॉइडचा पहिलाच वापर यांतून उभा राहिलेला बारा मिनिटांचा चित्रपट जुलै १९१८ मध्ये प्रदर्शित झाला. तोवर अमेरिका युद्धात उतरलेली होती. येथे गर्टीचा खेळकरपणा नाही. महाकाय जहाज स्फोटानंतर एकदम कलंडत नाही. ते सावकाश, असह्य संथपणे एका कुशीवर झुकत जाते आणि त्याच्या कडेवरून माणसे ठिपक्यांसारखी ओघळतात. धुराचे लोट, लाटांची उसळी आणि पोलादाचा भार यांना प्रत्येकी स्वतंत्र गती आहे. वजन हसवण्यासाठी जसे वापरता येते तसे शोकासाठीही वापरता येते, हे ॲनिमेशनने येथे प्रथम सिद्ध केले. शाळेच्या फळ्यावर बुडत्या बोटीचे चित्र काढणाऱ्या मुलाने आपले वर्तुळ असे पूर्ण केले.

यानंतर मॅके यांनी १९२१ मध्ये आणखी तीन लघुपट दाखवले आणि मग या माध्यमाचा निरोप घेतला. कारण स्पष्ट होते. एकट्याने वर्ष-दोन वर्षे खपून दहा मिनिटांचा चित्रपट काढण्याचे दिवस संपले होते. स्टुडिओ उभे राहिले होते. तेथे कामाची वाटणी होई, आठवड्याच्या मुदतीत चित्रपट निघत आणि स्वस्त पडावे म्हणून पात्रांचे हातपाय रबरी नळ्यांसारखे काढले जात. या नळ्यांना हाडे नव्हती, सांधे नव्हते आणि अर्थातच वजनही नव्हते. ते करमणुकीचे होते, यात शंका नाही. पण गर्टीने दाखवलेली वाट त्यात हरवली होती. १९२७ मध्ये न्यू यॉर्कच्या ॲनिमेशन व्यावसायिकांनी मॅके यांच्या सन्मानार्थ भोजन समारंभ योजला. मॅक्स फ्लायशर यांनी त्यांचा परिचय करून दिला. कृतज्ञतेच्या दोन शब्दांची अपेक्षा करणाऱ्या श्रोत्यांना मॅके यांनी त्या रात्री खडे बोल सुनावले. आपण ज्याला कला म्हणून जन्म दिला त्याचा या मंडळींनी धंदा करून टाकला, अशी त्यांची व्यथा होती. हा आक्षेप सर्वस्वी न्याय्य होता असे नाही. रोजच्या पोटापाण्याची सोय दुसऱ्या नोकरीने केलेली असल्याने मॅके यांना मुदतीची पर्वा न करता चित्रे काढणे परवडले. समोर बसलेल्यांना ती चैन नव्हती. तरीही त्या व्यथेतील सत्य नाकारता येत नाही.

२६ जुलै १९३४ रोजी ब्रुकलिन येथील घरी मेंदूतील विकाराच्या झटक्याने मॅके यांचे निधन झाले. अखेरपर्यंत ते हर्स्ट यांच्या वृत्तपत्रासाठी चित्रे काढत होते. चित्रमालिकांनी त्यांना कीर्ती दिली होती, परंतु चित्रपटांकडे त्या वेळी कोणी गांभीर्याने पाहत नव्हते. ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मवरील त्यांची रिळे दुर्लक्षित राहिली. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती पुन्हा हाती लागली, तोवर त्यांतील काहींचा भुगा झाला होता. गर्टीच्या हजारो मूळ चित्रांपैकी सुमारे चारशेच आज शिल्लक आहेत.

वाट मात्र बुजली नाही. मॅके गेले त्याच १९३४ साली व्लादिमीर टिटला हे चित्रकार वॉल्ट डिस्नी यांच्या स्टुडिओत दाखल झाले. डिस्नी यांनी त्या वेळी आपल्या चित्रकारांसाठी डॉन ग्रॅहॅम यांच्याकरवी शरीररचना आणि हालचाल यांचे वर्ग चालवले होते. देहाचे चेपणे-ताणले जाणे, हालचालीपूर्वीची तयारी, मुख्य हालचालीमागोमाग येणारी दुय्यम हालचाल अशी तत्त्वे तेथे नावे देऊन पक्की करण्यात आली. टिटला यांनी ‘डम्बो’मधील हत्तीच्या पिल्लात तोच भार आणि तीच कोवळीक आणली, जी गर्टीत होती. १९५५ मध्ये डिस्नी यांनी आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात मॅके यांचा गर्टीसोबतचा प्रयोग पुन्हा उभा केला. त्यासाठी त्यांनी रॉबर्ट मॅके यांचे साहाय्य घेतले. ऋणाची ती जाहीर कबुलीच होती. याच परंपरेचा एक धागा मुंबईपर्यंतही पोहोचला. डिस्नी स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजनमध्ये आले आणि त्यांनी येथील तरुण चित्रकारांना या कलेचे शिक्षण दिले. पुढे भारतीय ॲनिमेशनचे अग्रणी ठरलेले राम मोहन हे त्यांच्यापैकीच एक.

१९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट वारशाच्या यादीत ‘गर्टी’चा समावेश झाला. नंतर ‘लिटल नीमो’ आणि ‘लुसिटानिया’ यांनाही तेथे स्थान मिळाले. आज संगणक वस्तूचे वजन गणिताने काढून देतो, कापडाची सळसळ आणि पाण्याची उसळी आपोआप घडवतो. तरीही पात्र जिवंत वाटेल की नाही, हे ठरवण्याची वेळ येते तेव्हा चित्रकाराला जुनाच प्रश्न स्वतःला विचारावा लागतो. हे पाऊल टेकताना जमिनीला ते जाणवले का? मॅके यांनी हा प्रश्न विचारला तेव्हा त्यांच्यापाशी पेन, शाई, पातळ कागद आणि वेळ मोजणारे घड्याळ एवढेच साहित्य होते. उत्तर शोधण्यासाठी त्यांनी दहा हजार वेळा तीच आकृती काढली. गर्टीच्या पायाखाली खचणारी ती जमीन आज शंभराहून अधिक वर्षे एका कलेचा भार पेलून आहे.